सर्वानुमते

१२ जानेवारी २०२५, रविवार, महाड

आजपासून रोजनिशी लिहायची. मोठ्या अभ्यासकांच्या रोजनिशा पुढे छापल्या जातात, म्हणून अक्षर नीट काढतो आहे. पहिल्या पानावर ओळख असलेली बरी. मी विनीत उतेकर, वय तीस. महाडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढाच प्राध्यापक. गाव पोलादपूर तालुक्यातली पांगारवाडी, आंबेनळी घाटाच्या अलीकडे, घरं अठ्ठावन्न. वडील मी चौथीत असताना गेले. आई चंद्रभागा गावीच असते.

आज माझी योजना पूर्ण झाली. पिवळ्या कार्डशीटवर स्केचपेनने चौकोन काढले आहेत. २०२५ पीएचडी, २०२६ सहायक प्राध्यापक, २०३८ सहयोगी प्राध्यापक, २०४६ प्राचार्य, २०५४ निवृत्ती व सत्कार. सत्काराला उत्तर म्हणून करायच्या भाषणाचे पहिले दोन परिच्छेद लिहूनही झाले आणि चांगले उतरले आहेत. अडचण फक्त पहिल्या चौकोनाची आहे. प्रबंधाचा आतापर्यंत ऋणनिर्देश तेवढा तयार आहे. दोनदा मिळालेली मुदतवाढ ३० जूनला संपते. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. नेट परीक्षेने मला चार वेळा नाकारलं आहे, त्यामुळे पीएचडी हुकली की पुढचे सगळे चौकोन पुसावे लागतील.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. प्राध्यापक होण्याचा निर्णय माझा, एकट्याचा. दहावीच्या निकालाची वाट बघत होतो त्या मे महिन्यात पोलादपूर स्टँडवर उसाचा रस पिताना तो माझ्या मनात आपोआप आला. गावकीचे अध्यक्ष सोनबा नाना तेव्हा सोबत होते आणि योगायोगाने प्राध्यापकांबद्दलच बोलत होते. आमच्या वाडीची पोरं तशी नशीबवानच. रितेश पोलिसात, सारिका तलाठी ऑफिसात, रेश्मा सरकारी दवाखान्यात नर्स. भरत एसटीत कंडक्टर आहे, पण त्याला गाडी लागते. पोलादपूर सुटलं की तो पुढच्या सीटवर लिंबू हुंगत बसतो आणि प्रवासी आपापसात तिकिटं फाडून घेतात. असल्या माणसाने एसटीत का जावं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

२० जानेवारी

प्रियदर्शिनी मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, योजना दाखवली. त्यांनी ती २०५४ पर्यंत शांतपणे वाचली आणि विचारलं, डेटा कुठे आहे? माझा विषय 'पांगारवाडीतील गावकीची निर्णयप्रक्रिया व मतभेद'. त्यांचं म्हणणं, निर्णय कुठेही दिसतात, मतभेद शोधावे लागतात, आणि स्वतःच्या गावात ते शोधणं सगळ्यात अवघड. मी म्हटलं, स्वतःच्या गावात मला कोण नाही म्हणणार? मॅडम म्हणाल्या, त्याचीच भीती आहे.

३१ जानेवारी

दहा दिवस रोजनिशी लिहिली नाही, कारण प्रश्नावल्या ठेवायला पेटी करत होतो. प्रश्नावली अजून तयार नाही, पण भरलेले कागद कुठेतरी नीट ठेवावे लागणारच. वखारीतून फणसाच्या फळ्या आणल्या. लहानपणी सुट्टीत सुताराच्या पडवीत बसून बसून जेवढं शिकलो तेवढं हाताला अजून आठवतं. चारही कोपरे खाचा पाडून बसवले आहेत, एकही खिळा नाही. आत दोन कप्पे. झाकण लावताना आतली हवा हळूच बाहेर येते आणि मग ते बसतं. मी ते आज निदान तीस वेळा लावलं. तीन दिवस जेवायची आठवण राहिली नाही. एवढी एकाग्रता दुसऱ्या प्रकरणात असती तर आज कुठे असतो! अशा चैनी आता बंद.

९ फेब्रुवारी, रविवार, पांगारवाडी

गावकीला कळवल्याशिवाय वाडीत कुणाला काही विचारायचं नसतं, म्हणून सोनबा नानांना फोन केला होता. त्यांनी विषय आजच्या बैठकीत घेतला. देवळाच्या सभामंडपात पुरुष बसले, बायका दाराशी उभ्या. नारळ ठेवला. नानांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, आमच्या इनीतच्या प्रकरनांवर लक्ष ठेव. मग जीर्णोद्धाराला असते तशी सात जणांची पीएचडी कमिटी नेमली. मी कमिटीत नाही. संशोधकाने तटस्थ राहावं, असं नानाच म्हणाले.

मुंबई मंडळाचा चिटणीस सुशांत फोनच्या स्पीकरवर होता. त्याचा आक्षेप, सगळी प्रकरणं गावाने घेतली तर मुंबईकरांनी काय करायचं? शेवटी पहिलं आणि दुसरं गावाकडे, तिसरं आणि चौथं मुंबई मंडळाकडे, निष्कर्ष दोघांचे मिळून, असं सर्वानुमते ठरलं. मला विरोध करायचा होता, पण ठराव झाल्यावर बोलणं बरं दिसलं नसतं.

आईने जेवायला वाढताना विचारलं, तुला बरं वाटतं काय रे तिकडं? मी तिला योजना समजावून सांगितली. २०३८ पर्यंत तिने ऐकलं, मग भाकरी उलटायला उठली.

१५ मार्च, शनिवार, पांगारवाडी

शिमग्याला बंद घरंही उघडतात, मुंबईकर झाडून सगळे येतात. माझ्या अभ्यासाला याहून चांगला मुहूर्त नव्हता. होळीचा ढोल अजून वाजतोय तेवढ्यात घरोघरी जाऊन अठ्ठावन्न प्रश्नावल्या दिल्या. प्रत्येकीत सोळा प्रश्न. चौदावा कळीचा: गावकीच्या निर्णयाशी तुम्ही कधी असहमत झालात का? पंधरावा: झाला असाल तर कधी, कशाबद्दल? सोळावा: काही सूचना?

आईलाही एक दिली. तिने माझ्या खिशातला पेन मागून घेतला. तिला पेन कशाला हवा होता ते कळलं नाही. किराण्याची यादी करायची असेल.

१७ मार्च, सोमवार

आजचा दिवस सोन्याचा. दोन दिवसांत अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न प्रश्नावल्या भरून आल्या. लाल फडक्यात बांधून सोनबा नाना स्वतः वडाप जीपने महाडला घेऊन आले. मॅडम सांगत होत्या, शंभर वाटले की चाळीस परत येतात. फडकं सोडून गठ्ठा पेटीच्या पहिल्या कप्प्यात ठेवला. कसा मोजून बसला! दुसरा कप्पा मात्र रिकामा दिसतो.

१९ मार्च

गठ्ठा कॉम्प्युटरवर चढवायला बसलो. पहिल्या घराचं वय बावन्न, शिक्षण सातवी, मुलं दोन. दुसऱ्या घराचं वय बावन्न, शिक्षण सातवी, मुलं दोन. आनंदीबाई नव्वदीच्या आहेत, त्याही बावन्न. सुशांतच्या धाकट्या भावाचं मागच्या महिन्यात लग्न झालं, त्याला मुलं दोन. चौदाव्या प्रश्नाला सगळीकडे 'नाही', आणि सूचना एकच, की विहिरीवरचा बल्ब बदलावा. एकतीस कागद असे चढवल्यावर माझा धीर सुटला. उरलेले सत्तावीस माउसने खाली ओढून भरले. एकसारखेच तर आहेत.

नानांना फोन केला. ते खुशीत होते. कमिटीने सोळाही प्रश्न बैठकीत घेतले, एकेका प्रश्नावर चर्चा करून उत्तर ठरवलं, वयाची सरासरी काढली आणि सगळ्या घरांना तेच लिहून दिलं. कुणाचं चुकू नये म्हणून.

स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य आलं. कॉम्प्युटरने ते आधी दाखवायलाच नकार दिला होता.

२० मार्च

मॅडमकडे जायला निघालो, पण आज चवदार तळ्यावर दरवर्षीसारखी लोकांची रीघ, रस्ते भरलेले. मीही पुस्तकांच्या दुकानांसमोर रेंगाळलो. परभणीहून आलेले एक आजोबा शेजारी उभे होते, हातात नव्या पुस्तकांची पिशवी. काय शिकता म्हणून त्यांनी विचारलं, तर मी माझं सगळं दुःखच सांगितलं, की गावात सगळ्यांचं एकमत आहे, मतभेद सापडतच नाही. ते म्हणाले, "सर, ज्याला बैठकीत बसू दिलं नाही त्याला विचारलं का?" मग त्यांची माणसं आली आणि ते तळ्याकडे गेले. भला माणूस, पण माझा नमुना-निवडीचा प्रश्न त्यांच्या लक्षात आला नसावा.

२३ मार्च, रविवार, पांगारवाडी

गावकीपुढे तक्रार मांडली. नाना दुखावले. त्यांनी विचारलं, "येगयेगळी उत्तरं आली असती तर तुझ्या सायबांनी आमच्या वाडीला काय म्हटला असता?" मी समजावलं, मला मतभेदच हवे आहेत. मग कुणीतरी विचारलं, किती हवेत? माझ्या तोंडून गेलं, चाळीस टक्के असले तर बरं. कमिटीने हिशेब केला, तेवीस घरं. पालखी घरोघर नेण्याची पाळी असते त्याच क्रमाने विरोधाची पाळी लावली. यादी फळ्यावर लिहिली.

इथे घोळ झाला. पहिली पाळी हैबती काकांच्या घराची. ते उभे राहिले. "आमच्या घरानं आजवर गावकीच्या इरोधात बोट वर केलेला नाय. मी इरोध करनार नाय." नाना म्हणाले, गावकीने ठरवलंय, करावाच लागेल. काका म्हणाले, गावकीचं हे ऐकणार नाही. मग दुसऱ्या पाळीचे म्हणाले, हैबतीला सूट तर आम्हाला का नाही? निम्मे काकांकडून, निम्मे नानांकडून. काका आणि नाना सख्खे शेजारी नव्हे, चुलतभाऊ, तरी एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. मी सारखा विनवत होतो की भांडू नका, माझ्या कामाचा वेळ जातोय. दोन तास असे फुकट गेले. शेवटी बाकीच्यांची कशीबशी समजूत पटली. या काळात नोंद घेण्यासारखं काही घडलं नाही.

६ एप्रिल

दुसरा गठ्ठा आला. तेवीस विरोध, बरोब्बर. पंधराव्या प्रश्नाला प्रत्येकाने 'पाळीप्रमाणे' असं लिहिलं आहे.

इथे खरं लिहिलं पाहिजे. तीन दिवस माझ्या मनात येतंय की पहिला गठ्ठा जाळावा, दुसऱ्यातला पंधरावा प्रश्न वगळावा आणि हाच डेटा म्हणून द्यावा. कुणाला कळणार नाही. तिशीत तासिकांवर असलेला माणूस चाळिशीत तासिकांवर असला तर त्याला पोरं काय म्हणतात ते मी स्टाफरूममध्ये रोज ऐकतो. मला भीती वाटते. योजनेशिवाय मी कोण, हे मला माहीत नाही.

८ एप्रिल

दोन्ही गठ्ठे मॅडमपुढे ठेवले आणि ते कसे भरले गेले तेही, हैबती काकांच्या भांडणासकट, सांगितलं. प्रामाणिकपणाचं श्रेय घेत नाही. पहिला कप्पा रिकामा करून पेटी न्यावी तर ती हातात एका बाजूला कलत होती, आणि मला ते बघवलं नाही.

मॅडमनी दुसरा गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून ठेवला. हे माझ्यासमोर पुन्हा आणायचं नाही, एवढंच बोलल्या. मी विचारलं, नोंदणी रद्द करायचा अर्ज कुणाकडे द्यायचा? त्यांनी पहिला गठ्ठा ठेवून घेतला, प्रत्येक कागद वाचणार म्हणाल्या. मी सांगितलं, एक वाचला की सगळे वाचल्यासारखे आहेत. त्यांनी विचारलं, तुम्ही सगळे वाचलेत? मी हो म्हटलं. शिवाय गावकीची जुनी ठरावबुकं आणायला सांगितली. निघताना म्हणाल्या, पेटी सुंदर आहे. पाच वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही पेटीचं.

२० एप्रिल, पांगारवाडी

ठरावबुकं मिळाली. देवळातल्या पत्र्याच्या ट्रंकेत होती, सात वह्या. द्यावीत असं सर्वानुमते ठरलं. हैबती काका बैठकीला आले नव्हते.

४ मे, रविवार, महाड

सहाव्या वहीत, ९ मे २०१०, ठराव क्रमांक चार. जसाच्या तसा उतरवतो.

'सरकारी कामास वाडीतील माणसास हेलपाटे पडतात. सबब प्रत्येक खात्यात वाडीचा एक माणूस असावा असे ठरले. पोलीस – रितेश. तलाठी – सारिका. दवाखाना – रेश्मा. एसटी – भरत (यास गाडी लागते असे हैबती यांनी सुचविले, सूचना मागे घेतली). कॉलेज – विनीत. विनीतच्या मनात बसविण्याचे काम सोनबा यांनी करावे. सर्वानुमते मंजूर.'

खाली एक्केचाळीस सह्या आणि सहा अंगठे.

मी तो ठराव कितीदा वाचला कोण जाणे. उसाच्या रसात आलं घातलं होतं, हेसुद्धा मला आठवतं. भिंतीवरच्या पिवळ्या कार्डशीटकडे बघवेना म्हणून खुर्ची उलटी फिरवून बसलो. मला राग येतोय, पण कुणाचा ते ठरत नाही. वाईट तर कुणीच चिंतलं नव्हतं. बापाविना पोर, त्याचं बरं व्हावं म्हणून अख्खी वाडी बसली. मग नंतर असंही वाटलं, की निर्णय माझाच होता, गावकीने तो फक्त आधी घेतला. हे लिहून झाल्यावर वाचलं आणि मलाच पटलं नाही.

६ मे

मॅडमनी बोलावून घेतलं. सहावी वही घेऊन गेलो आणि तो ठराव त्यांना दाखवला. टेबलावर एकच कागद होता. अठ्ठावन्नावा. मी माउसने ओढलेल्या सत्तावीसांतला.

वय चौसष्ट. शिक्षण तिसरी. मुलं एक. अक्षर वाकडं, पेन माझा.

प्रश्न चौदा: 'हो. येकदा.'

प्रश्न पंधरा: 'पोराला कालेजात घालायचा ठरवला तवा. बायांना बैठकीत बसाया नाय. मी दारातनं सांगितला त्याला इचारा. कुनी आयकला नाय.'

प्रश्न सोळा, सूचना: 'आता तरी इचारा.'

मॅडम म्हणाल्या, "हा तुमचा प्रबंध आहे, विनीत. सत्तावन्न कागद, एक कागद आणि हा ठराव. विरोधाच्या पाळ्या आणि हैबतींचं भांडणही लिहा. सगळं जसं घडलं तसं." मी विचारलं, हैबतींचं भांडण कशात घेऊ? त्या हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी हसत नव्हतो.

म्हणजे माझी पीएचडी एका विरोधावर उभी राहणार, आणि तो विरोध माझ्या पीएचडीलाच आहे. हे भाषणात कसं बसवायचं कळत नाही.

११ मे, रविवार, पांगारवाडी

आई अंगणात करवंदं निवडत होती. सोनबा नाना ओट्यावर बसले होते. मी कागदाची झेरॉक्स तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली नाही. कमिटीवाले सही घ्यायला आले तेव्हा भरलेला कागद दिला, त्यांनी न वाचता गठ्ठ्यात घातला, म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "इनीत, तुला काय व्हायचा होता रे?"

पंधरा वर्षांत एवढी भाषणं पाठ केली, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. नानांना माझी अवस्था बघवली नाही. ते सावरून बसले आणि म्हणाले, अगो त्याला–

"नाना," आई म्हणाली, "तुमाला नाय इचारला."

नानांना कुणी असं अडवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने ते ओट्यावरून उतरून आईजवळ येऊन बसले आणि करवंदांतला पाला वेचू लागले. मी विचार करून सांगतो म्हटलं. आई म्हणाली, कर, घाई नाय.

३० जून, सोमवार

प्रबंध सादर केला. पन्नास दिवसांत पाच प्रकरणं, सगळी मी एकट्याने लिहिली. सुशांतचे तिसऱ्या-चौथ्याबद्दल रोज फोन येत होते. शेवटी मुंबई मंडळाने विरोध नोंदवला, तो परिशिष्टात घेतला आहे. हैबती काका आणि नाना गेल्या आठवड्यात बोलायला लागले. पहाटे वीर स्टेशनवरून गाडी पकडली. पाच प्रती नेण्यासाठी मे महिन्यात दुसरी, मोठी पेटी केली होती, तीही फणसाचीच.

विद्यापीठातल्या खिडकीवरच्या बाईंनी प्रती मोजून घेतल्या आणि पोचपावती दिली. पाच वर्षांचं काम, पावती बोटभर. ती खिशात घालताना आनंद व्हायला हवा होता, म्हणून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात बाईंनी पेटीचं झाकण उघडून मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मागच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं. कुठून घेतली म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी केली. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मी खिडकीतून हात घालून कोपऱ्यातल्या खाचा त्यांना दाखवल्या. मागे रांग खोळंबली होती.

बाहेर येऊन आईला फोन केला. पीएचडी दिली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला. ह्यो झाला गावकीचा. आता तुझा काय ता सांग."

मी पुन्हा म्हटलं, अजून ठरलं नाही, विचार चालू आहे. मग विषय बदलायचा म्हणून तिला खिडकीवरच्या बाईंची गंमत सांगितली. फणसाचं लाकूड उन्हात किती दिवस ठेवावं लागतं, पटाशी कशी तिरकी धरायची, झाकण बसताना हवा कशी निघते, तिसऱ्या पेटीत कप्पे सरकते केले तर कसं होईल, सगळं सांगत बसलो. फोन ठेवला तेव्हा बघितलं, पस्तीस मिनिटं झाली होती. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी तेवढं म्हणाली, "बरा. चालू दे तुझा इचार."

योजनेवरचा पहिला चौकोन आता रंगवायला हवा. लाल स्केचपेन सापडत नाही.